नाव एकाचे, तलवार दुसऱ्याची

ज्या माणसाच्या नावाने लोक मरतात, तो माणूस त्या मरणांना कितपत बांधलेला असतो? त्याने स्वतः तलवार उचललेली नाही, कोणाला उचलायला सांगितलेली नाही. फक्त ‘माझे नाव घेऊ नका’ असेही त्याने सांगितलेले नाही. अशा माणसाला निर्दोष म्हणायचे की नाही? हा प्रश्न माझ्या मागे लागला तो इस्लामच्या इतिहासातील महदींच्या कथा वाचताना. महदी म्हणजे ज्याला परमेश्वराने वाट दाखविली आहे असा, आणि अन्यायाने भरलेली पृथ्वी शेवटी न्यायाने भरून टाकणारा पुरुष. त्याची वाट पाहणारे लोक, ‘तो मीच’ म्हणणारे लोक आणि ‘तो अमुक’ असे दुसऱ्याकडे बोट दाखविणारे लोक ह्यांनी तो सारा इतिहास भरलेला आहे. आणि हा इतिहास काही अरबस्तानातच राहिला नाही. आमच्या खानदेशच्या एका सुलतानाने १५९१ साली जळगावपासून फार दूर नसलेल्या एका गावाजवळ महदीच्या नावाने चाललेले एक राज्य बुडविण्यास हातभार लावला. त्या गावापर्यंत आपण येऊच; परंतु प्रश्न जेथे जन्मला तेथून निघणे बरे.

प्रश्न जन्मला तो कूफा शहरात. प्रेषितांचे नातू हुसेन ह्यांना कूफेकरांनी पत्रांवर पत्रे पाठवून बोलाविले, आणि ते आले तेव्हा तेच कूफेकर दारे लावून घरात बसले. १० ऑक्टोबर ६८० रोजी करबल्याच्या मैदानात हुसेन मारले गेले. ह्या शरमेचे ओझे घेऊन ते शहर पाच वर्षे जगत होते. अशा शहरात मुख्तार नावाचा एक बुद्धिमान, बोलघेवडा आणि कमालीचा धाडसी पुरुष उभा राहिला. हुसेनच्या रक्ताचा बदला, ही त्याची घोषणा. पण ‘मी तुमचा नेता’ असे तो म्हणाला नाही. त्याने सांगितले, नेता मदीनेत आहे. अलींचे पुत्र आणि हुसेनचे सावत्र भाऊ महंमद इब्न अल्-हनफिया हेच महदी. मी त्यांचा केवळ विश्वासू माणूस, त्यांचा वजीर. येणाऱ्या तारणहाराच्या अर्थाने ‘महदी’ हा शब्द एका जिवंत माणसाला प्रथम लागला तो बहुधा येथेच. कुराणात हा शब्द ह्या रूपात नाही.

कूफ्यातले काही सावध लोक बोलघेवड्यावर भाळले नाहीत. त्यांनी शिष्टमंडळ नेले ते थेट इब्न अल्-हनफियांकडे. महाराज, हा मनुष्य तुमच्या नावाने आम्हांला बोलावतो आहे. तुम्ही त्याला पाठविले आहे काय? प्रश्न सरळ होता. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे होते. तबरीने दिलेल्या वृत्तांतानुसार उत्तर मिळाले ते असे, की आमच्या शत्रूचा सूड परमेश्वराने आपल्या प्रजेपैकी ज्याच्या हातून घ्यायचा त्याच्या हातून घ्यावा, मला ते आवडेल. मंडळी बाहेर आली, आपसांत बोलली आणि म्हणाली, त्यांनी ‘नको’ म्हटले असते तर स्पष्ट म्हटले असते. म्हणजे त्यांनी परवानगी दिली. कूफ्याला परतून त्यांनी तसेच सांगितले. ६८५ च्या ऑक्टोबरात शहर मुख्तारच्या हाती गेले.

हे उत्तर मी कितीतरी वेळा वाचले आहे. त्यात खोटे काही नाही. भाऊ, पुतणे, आप्त ह्यांची कत्तल झालेल्या माणसाने सूड घडावा असे म्हणण्यात अनैसर्गिकही काही नाही. राजकारणाच्या दृष्टीने ते तर अचूकच आहे: बंड जिंकले तर मी त्याचा धनी, हरले तर मी कोणाला पाठविले होते? आपल्याकडे ‘तळ्यात मळ्यात’ म्हणतात ते हेच. पण खेळात कोणी मरत नाही.

मुख्तारविषयी आपले मत पुष्कळदा त्याच्या शत्रूंच्या लेखण्यांनी बनविलेले आहे. त्याच्याकडे एक खुर्ची होती. ही अलींची खुर्ची म्हणून त्याचे अनुयायी ती रेशमात गुंडाळून रणात नेत. तबरीने एक कथा अशीही दिली आहे की, ती खुर्ची मुळात एका तेल्याच्या घरून आली होती. तेल पिऊन पिऊन लाकूड काळे झालेले. घासल्यावर मात्र छान चमकू लागले. कथा मोठी गमतीची आहे, आणि गमतीच्या कथांनी बंडखोरांना जितके मारले तितके तलवारीनेही मारले नसेल. खुर्चीकडे बघता बघता मुख्तारने जे खरोखर केले तिकडे लक्ष जात नाही. कूफ्यात अरबांखेरीज मवाली लोक होते. बाटलेले इराणी, त्या प्रदेशातले मूळचे रहिवासी, कारागीर, दुकानदार, सुटलेले युद्धकैदी. नमाजाला ते मुसलमान होते, लढाईलाही मुसलमान होते; लुटीचा आणि वेतनाचा वाटा होई तेव्हा मात्र ते कोणीच नव्हते. मुख्तारने त्यांना वाटा दिला, घोड्यावर बसविले. कूफ्यातल्या अरब सरदारांचा संताप झाला तो ह्या गोष्टीचा. आमचे गुलाम, आमचेच धन आमच्या डोळ्यांदेखत त्यांना वाटतोस, ही त्यांची तक्रार होती. महदी खरा की खोटा ह्यावर त्यांचे फारसे काही अडले नव्हते. ते बसऱ्याला पळाले आणि तिथून मुसअब इब्न झुबैरची फौज घेऊन आले. ६८७ च्या वसंतात मुख्तार मारला गेला. शरण आलेल्या त्याच्या हजारो माणसांची मुंडकी उडविली गेली. त्यांत मवालीच अधिक होते.

आणि ह्या दीड-दोन वर्षांत मदीनेकर गृहस्थ काय करीत होते? मध्यंतरी ते मक्केत अडकले. तेथे स्वतःला खलिफा म्हणविणाऱ्या अब्दुल्ला इब्न झुबैरने आपल्याशी निष्ठेची शपथ घ्या म्हणून त्यांना डांबून ठेवले. त्यांनी मुख्तारला निरोप धाडला. मुख्तारचे स्वार धावत आले. हरमच्या पवित्र भूमीत शस्त्र नको म्हणून तलवारींऐवजी हातांत सोटे घेऊन आले, आणि त्यांना सोडविले. स्वार पुढे लढायला उतावीळ होते. परंतु इब्न अल्-हनफियांनी त्यांना बजावले, येथे रक्त सांडायचे नाही. आणि स्वार थांबले.

माझ्या मते सारा निवाडा ह्या प्रसंगात आहे. त्यांच्या नकाराला वजन नव्हते असे म्हणता येत नाही. एका शब्दाने घोडेस्वार थांबत होते. म्हणजे कूफेकरांना ‘नाही’ म्हटले असते तर तो शब्दही पोचला असता. स्वतःच्या सुटकेसाठी त्यांनी आपल्या नावाचा उपयोग करून घेतला. मग त्या नावाच्या बाकीच्या उपयोगाचे उत्तर त्यांनी द्यायला नको काय? मुख्तार मेल्यावर ते पुढे बरीच वर्षे जगले, उमय्या खलिफा अब्दुल मलिकशी त्यांनी शपथ घेतली, आणि ७०० च्या सुमारास ते वारले. काही अनुयायी म्हणाले, ते वारलेच नाहीत. रज़वा नावाच्या डोंगरात ते आहेत, एक सिंह आणि एक चित्ता त्यांची राखण करतात, आणि योग्य वेळी ते बाहेर येतील. जिवंतपणी त्यांचे मौन ज्यांनी होकार मानले, त्यांनी मरणही होकार मानले, ह्यात नवल ते काय?

पुढच्या लोकांनी ह्या युक्तीला धार लावली. अब्बासी घराण्याच्या प्रचारकांनी नावच सांगितले नाही. प्रेषितांच्या घराण्यातला जो सर्वांना मान्य होईल तो, एवढेच ते म्हणत. प्रत्येकाने त्या रिकाम्या जागेत आपल्या मनातला पुरुष बसवावा. ७४७ साली खुरासानात अबू मुस्लिमने काळे झेंडे उभारले. ७५० साली उमय्यांचे राज्य बुडाले. जागा भरली ती अब्बासींनी. ७५५ साली दुसरा अब्बासी खलिफा मन्सूर ह्याने अबू मुस्लिमला भेटीला बोलावून ठार केले. ७६२ मध्ये मदीनेत अलींच्या वंशातला महंमद ‘शुद्ध आत्मा’ हा महदी म्हणून उठला, तोही मारला गेला. त्याचा मुलगा पळून सिंधमध्ये आला आणि तिथल्या एका हिंदू राजाने त्याला आश्रय दिला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत कधी दिसत नाही. मन्सूर चतुर होता. महदीची वाट पाहणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून त्याने आपल्या मुलालाच ‘अल्-महदी’ ही पदवी दिली! तारणहार आता वारसाहक्काने मिळू लागला. दीडशे वर्षांनी उत्तर आफ्रिकेत तोच खेळ पुन्हा झाला. अबू अब्दुल्ला ह्या प्रचारकाने बर्बर टोळ्यांना महदीच्या नावाने जागे केले, राज्य जिंकले, आणि ९०९ साली दूरच्या गावी कैदेत असलेल्या त्या महदीला सोडवून गादीवर बसविले. ९११ साली महदीने त्याला मारविले. फातिमी खिलाफतीचा आरंभ हा असा आहे. नावाने गादी मिळविली की नाव ज्यांनी जपले त्यांची अडचण होते. कारण काय सांगून लोक गोळा केले होते, हे त्यांना ठाऊक असते.

पण इतकेच सांगून थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. फातिमींच्या वंशपरंपरेतली एक शाखा खानदेशातल्या प्रत्येक बाजारपेठेत आपल्या परिचयाची आहे. धुळ्याचा आग्रा रोड घ्या की जळगावची बाजारपेठ घ्या, खिळे, बिजागऱ्या, दोर, पत्रा हवा असला की आपण बोहऱ्याच्या दुकानी जातो. बऱ्हाणपूरला त्यांची मोठी दर्गाह आहे. ११३० साली फातिमी खलिफा आमिर ह्याचा खून झाला, तेव्हा त्याचा तान्हा मुलगा तय्यिब दडविला गेला. तेव्हापासून इमाम अज्ञातवासात आहे आणि त्याच्या नावाने दाई कारभार पाहतो, अशी ह्या लोकांची श्रद्धा आहे. एका वृद्ध बोहरी दुकानदाराशी माझी ह्यावर एकदा गोष्ट निघाली. मी मास्तरकीच्या सवयीने जरा खोचक विचारले, “शेठ, नऊशे वर्षे न दिसलेल्या मालकाचे दुकान चालते कसे?” त्यांनी तराजूत खिळे टाकीत टाकीतच उत्तर दिले, “गुरुजी, मालक गल्ल्यावर बसलेला असला तर त्याची नजर चुकवून माप मारता येते. गावाला गेलेला मालक कधी येईल सांगता येत नाही, म्हणून वजन बरोबर ठेवावे लागते.”

उत्तराने मी गप्प झालो हे खरे, पण पटलो मात्र अर्धाच. गावाला गेलेल्या मालकाच्या नावावर दिवाणजीने उधारी वाढवून ठेवल्याची उदाहरणेही ह्याच बाजारात आहेत. तथापि त्या म्हाताऱ्याने माझ्या प्रश्नाला एक बाजू दाखविली, जी मला पुस्तकांत सापडली नव्हती. दूरचे नाव काही हातांना धाक घालते, काही हातांना मोकळे करते. नाव तेच.

आता खानदेशाकडे वळू. येथे राज्य होते फारुकींचे. शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला त्यांच्या कबरी आहेत. तापीच्या काठी उभ्या असलेल्या त्या घुमटांकडे बघायला क्वचितच कोणी जाते. मूळ पुरुष मलिक राजा ह्याला १३७० साली फिरोजशहा तुघलकाकडून थाळनेरची जहागीर मिळाली. घराणे स्वतःला खलिफा उमर फारूक ह्यांचे वंशज म्हणवी. दुसऱ्या पिढीने शहर वसविले त्याला सूफी संत बऱ्हाणुद्दीन गरीब ह्यांचे नाव दिले, तेच बऱ्हाणपूर. ह्या शहरातून पंधराव्या शतकाच्या अखेरीस एक प्रवासी दक्षिणेकडे गेला असे महदवींची चरित्रे सांगतात. सय्यद महंमद जौनपुरी हे त्यांचे नाव. जन्म १४४३ चा. बऱ्हाणपूर, दौलताबाद, अहमदनगर, बिदर, गुलबर्गा असे करीत ते दाभोळ बंदरातून मक्केला गेले, आणि तेथे व पुढे गुजरातेत त्यांनी सांगितले की तो महदी मीच.

येथे प्रश्नाचे रूपच बदलते. हा माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवीत नाही, मौनही पाळीत नाही. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने तो दावा करतो, आणि हाती तलवार घेत नाही. राज्य मागत नाही. गावोगावचे मुल्ला तक्रार करतात, सुलतान हद्दपार करतात. तो उठतो आणि पुढच्या गावी जातो. असा हिंडत हिंडत १५०५ साली तो अफगाणिस्तानातल्या फराह येथे वारला. त्याचा दावा खरा की खोटा, हे ठरविण्याचे साधन माझ्यापाशी नाही. इब्न खल्दूनसारख्या चिकित्सकाने चौदाव्या शतकातच महदीविषयीच्या हदीसांची छाननी करून बहुतेक दुबळ्या ठरविल्या होत्या. परंतु त्याच्या अनुयायांनी काय केले हे पाहता येते. ते दायऱ्यांत राहत. दायरा म्हणजे गावाबाहेरची कुडाची वस्ती. जे काही दान येई ते माणशी सारखे वाटायचे, गुरूला एक आणि पाणक्याला एक. उद्यासाठी ठेवायचे नाही. बयान्याच्या शेख अलाईच्या दायऱ्याविषयी बदाऊनी लिहितो की, रात्री ते मिठाची, पिठाची, पाण्याची भांडीसुद्धा रिकामी करून पालथी घालीत. सकाळी जे येईल ते. मौलाना आझादांनी आपल्या ‘तज़्किरा’ ग्रंथात ह्या लोकांविषयी अत्यंत आदराने लिहिले आहे.

पण तोच बदाऊनी सांगतो की, हेच लोक हत्यारबंद असत आणि बाजारात कोणी शास्त्राविरुद्ध वागताना दिसला की त्याला जबरीने आवरीत. पालथ्या भांड्यांपासून बाजारातल्या दंडुक्यापर्यंतचे अंतर किती थोडे आहे! ज्याने स्वतःसाठी काहीच ठेवले नाही, त्याला दुसऱ्याला दटावण्याचा हक्क आपोआप मिळाला असे वाटू लागते. त्यागाचा हा धोका आपल्याकडेही अनोळखी नाही.

शेख अलाईला इस्लामशहा सूरच्या दरबारात उभे केले गेले. सुलतानाला तो मनातून आवडला होता. बदाऊनी म्हणतो, सुलतान त्याला म्हणाला, माझ्या कानात हळूच सांग की मी हे मत सोडले, आणि मोकळा हो. कानात! कोणी ऐकणार नव्हते. अलाईने ते सांगितले नाही. आजाराने खंगलेला तो माणूस फटक्यांनी मेला, साल १५५०. मदीनेत ज्याला उघड विचारले तो स्पष्ट बोलला नाही. येथे ज्याला कुजबुजायला सांगितले तो कुजबुजलाही नाही. दोघांच्या मध्ये साडेआठशे वर्षे आहेत, पण त्यांना शेजारी उभे केल्यावाचून माझ्याने राहवत नाही. अलाईच्या दाव्याशी माझे काही देणेघेणे नाही. आपल्या शब्दाची किंमत त्याने आपल्याच अंगावर घेतली, दुसऱ्याच्या नव्हे, एवढे मला दिसते.

ही किंमत दुसऱ्यांवर पडली ती अहमदनगरात. १५८८ साली मुर्तजा निजामशहाला त्याच्या मुलानेच मारले. वर्षभरात मुलगाही मारला गेला. दक्खनी आणि हबशी सैनिकांचा पुढारी जमालखान उसळला. शहरात परदेशी मुसलमानांची, म्हणजे इराण-तुराणहून आलेल्यांची, कत्तल झाली. जमालखान महदवी होता. त्याने इस्माईल नावाचा कोवळा मुलगा गादीवर बसविला, खुतब्यातून शिया पंथाचे बारा इमाम काढले, आणि निजामशाहीचा धर्म महदवी करून टाकला. हिंदुस्थानातून ठिकठिकाणचे महदवी नगरला येऊ लागले. त्यांना वाटले असेल, पिढ्यान्‌पिढ्या हद्दपार होत आलो, आता आपले राज्य आले. हिजरी सन हजारावर येत होता आणि सहस्रकाच्या अखेरीस काहीतरी घडणार ह्या भावनेने दिल्लीपासून विजापूरपर्यंत सगळ्यांना घेरले होते. अकबराने तर हजार वर्षांचा इतिहास लिहावयास घातला होता. हा वृत्तांत आपल्याला मुख्यतः फिरिश्ता सांगतो, आणि फिरिश्ता स्वतः परदेश्यांपैकी. त्या धामधुमीत नगर सोडून विजापूरला गेलेला. त्याच्याकडून जमालखानाविषयी प्रेमाचा शब्द मिळणार नाही, हे धरूनच वाचले पाहिजे. तरीही कत्तल झाली ती झालीच.

येथे नाव कोणाचे होते? गादीचे नाव एका पोराचे. धर्माचे नाव शहाऐंशी वर्षांपूर्वी मेलेल्या फकिराचे. दोघांपैकी एकालाही ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. आणि ज्या फकिराने उद्याचे पीठसुद्धा ठेवू दिले नाही त्याच्या नावाने आता खजिना, हत्ती आणि तोफखाना चालला होता.

इस्माईलचा बाप बुऱ्हाण अकबराच्या आश्रयास होता. मुलाच्या गादीवर बापाने चाल केली. अकबराचा इशारा होता म्हणून खानदेशचा सुलतान राजे अलीखान फारुकी त्याच्या मदतीला उभा राहिला. रोहिणखेडला १५९१ च्या ऐन उन्हाळ्यात गाठ पडली. जमालखान गोळी लागून पडला, फौज पांगली, इस्माईल बापाच्या कैदेत गेला. पुढे बुऱ्हाणने शिया खुतबा परत आणला आणि तो महदवींच्या पाठी लागला. हिजरी सन हजार लागायला तेव्हा पाच महिने उरले होते.

मी रोहिणखेडला गेलो ते ह्या लढाईच्या जागेसाठी. मलकापुराहून मोताळ्याकडे, कापसाच्या शेतांमधून रस्ता जातो. समोर अजिंठ्याच्या डोंगराची भिंत. लढाईची खूण काही दिसत नाही. मशीद मात्र आहे, दगडी, नेटकी, आणि ती बांधली आहे खुदावंतखान महदवीने, १५८२ साली. म्हणजे लढाईच्या नऊच वर्षे आधी. महदवींचे राज्य जेथे बुडाले तेथे महदवी सरदाराचीच मशीद उभी होती. आणि ज्याने ते बुडविले त्या राजे अलीखानाने जेमतेम दीड वर्षापूर्वी बऱ्हाणपूरची जामा मशीद पुरी केली होती. तिच्यावर अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे, शक १५११ चा, निर्गुण निराकार परमेश्वराला वंदन करणारा. मला तो लेख फार आवडतो. परंतु लेख लिहविणारा उदार होता म्हणून रोहिणखेडची लढाई उदारमताची ठरत नाही. तो अकबराच्या शब्दावर लढला. १५९७ मध्ये गोदावरीकाठी तो पुन्हा मोगलांसाठीच लढून मेला, आणि हा शत्रूला मिळाला असावा ह्या संशयाने मोगलांनी त्याची छावणी लुटली. प्रेत सापडले तेव्हा कळले. सम्राटाचे नावही दूरचेच असते.

हे सारे मुसलमानांचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल तर त्याने तळोद्याकडे पाहावे. १९३७-३८ साली तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, मोरवड गावी गुला महाराज नावाच्या एका भिल्ल पुरुषाभोवती आदिवासींचे लोट जमू लागले. दारू सोडा, रोज अंघोळ करा, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा. ज्या माणसाला सावकार, फौजदार, पाटील सगळे जन्मभर ‘अरे’ म्हणत आले, त्याने शेजाऱ्याला ‘आप’ म्हणायचे! कूफ्यातल्या मवाल्याला मिळालेला वाटा आणि भिल्लाला मिळालेला हा ‘आप’ ह्यांत मला फरक दिसत नाही. गुला महाराज १९३८ सालीच वारले. भावाने काम पुढे चालविले. लोकांनी त्यांना देव मानले. त्यांनी ते मानू दिले की नाही, हा माझा पहिलाच प्रश्न येथेही उभा राहतो. पण येथे तो विचारताना माझी जीभ जरा अडखळते.

कारण मुख्तारच्या बाबतीतही ती अडखळली पाहिजे. महदवींचे आजचे वंशज हैदराबादेत, कर्नाटकात, गुजरातेत आहेत. बहादूर यार जंग त्यांच्यापैकीच. त्यांच्या दृष्टीने महदी येऊन गेला, वाट पाहणे संपले, आणि पृथ्वी तर न्यायाने भरलेली नाही. तरी ते रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री आपली खास नमाज पढतात. ज्याच्या नावाने आता कोणी लढत नाही अशा माणसाशी त्यांनी जोडलेले हे नाते मला मुख्तारच्या शिष्टमंडळाच्या नात्यापेक्षा प्रामाणिक वाटते. हे मी सहज म्हणू शकतो. मी कूफ्यात नव्हतो. इब्न अल्-हनफियांनी ‘नाही’ म्हणायला हवे होते, हे माझे मत आहे आणि ते मी सोडणार नाही. पण मुख्तारच्या त्या दोन वर्षांत ज्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटा मिळाला असा कूफ्यातला एखादा विणकर माझ्यापुढे येऊन बसला, आणि मी त्याला सांगू लागलो की मदीनेतल्या त्या गृहस्थांनी खरे सांगायला हवे होते, तर तो ऐकून घेईल आणि विचारील, “बरे, आणि मग आमचा वाटा आम्हांला कोणी दिला असता?” अरब सरदारांनी दिला नसता, हे मला त्याला सांगावे लागेल.